वयाचा दोष म्हणायचा की नैराश्य? मुलांच्या बाबतीत ओळखायचं कसं?

पाऊलवाट
नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. सांभाळून घ्या.

मुलगी चौदाची आहे. पूर्वी हिची टकळी बंद करा म्हणून सांगावं लागायचं. आता विचारलं तरच बोलते, तेही 'काही नाही', 'सोड ना' एवढंच. चित्रं काढायची, ते कधी थांबलं कळलंही नाही. शाळेतून आली की झोपते आणि रात्री जागी असते. धाकट्यावर वसकन ओरडते. पण रडतेय, उदास बसलीय असं दिसत नाही. मैत्रिणीचा फोन आला की हसतेसुद्धा. नवरा म्हणतो वय आहे, दोन वर्षांत येईल ताळ्यावर. सासूबाई म्हणतात लाड जास्त झाले. माझ्या मनात वेगळीच शंका आहे, पण ती बोलून दाखवली की 'तुला सगळीकडे आजारच दिसतो' हे ठरलेलं.

या वयातला चिडकेपणा आणि नैराश्याचा आजार यातला फरक घरच्या माणसाने कसा ओळखायचा? आजार असेल तर उपचार नेमके काय असतात? अनुभव असलेल्यांनी लिहा. नुसता धीर नको, प्लीज.

तिरकस
यातली बरीच लक्षणं माझ्यात आहेत. वय ४६. मी ताळ्यावर कधी येणार? (हलके घ्या.)

गंभीर धागा आहे, मागच्या बाकावर बसून वाचतोय.

जुनाजाणता
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. आमच्या लहानपणी घरात एवढी माणसं असायची की निराश व्हायला कोपराही मिळत नसे. आता प्रत्येकाला वेगळी खोली, वेगळा फोन, आणि मग वेगळा आजार. वयात येणारी मुलं चिडतात, दारं आपटतात. त्यात डॉक्टर कशाला?

रातकिडा
काका, तुमच्या वेळीही अशी मुलं असणारच. त्यांना घुमा, आळशी, नाहीतर वाया गेलेला म्हणत असतील.

मी पंधराव्या वर्षी या आजारातून गेलोय म्हणून लिहितो. मला दुःख वगैरे काही वाटत नव्हतं. कंटाळा यायचा, आणि तो असा की आवडीचा खेळ समोर चालू असला तरी आपल्याला त्यात काय, असं वाटायचं. आंघोळीला उठणं हेसुद्धा मोठं काम. कोणी हाक मारली की राग यायचा, कारण उत्तर द्यायला आतून काहीतरी जमवावं लागे आणि ते नसायचं. घरच्यांना फक्त राग दिसला. मित्रांसमोर मी व्यवस्थित हसायचो. ते नाटक संपलं की इतका थकायचो की घरी येऊन पडून राहायचो. त्यामुळे 'फोनवर हसते' यावरून काही ठरवू नका, ताई.

खडूफळा
वरच्या प्रतिसादाला +१. मी शाळेत शिकवते. वर्गात दिसणाऱ्या काही गोष्टी लिहिते.

मार्क घसरणं हे फार उशिरा दिसतं, हुशार मूल बराच काळ रेटून नेतं. त्याआधी दिसतं ते असं: वही अर्धवट सुटते, दर काही दिवसांनी पोटदुखी किंवा डोकेदुखी म्हणून घरी जायचं असतं, मधल्या सुट्टीत बाक बदलतो. लहान वर्गातली मुलं तर 'मला वाईट वाटतंय' असं म्हणतच नाहीत. पोट दुखतं, शाळेत नको, आईला सोडायचं नाही, एवढंच त्यांना सांगता येतं.

अजून एक. चिडून मारामारी करणाऱ्या मुलाला शिक्षा होते आणि गप्प बसणाऱ्याला 'शहाणा मुलगा' म्हणतात. दोघांनाही मदत मिळत नाही. गप्प मूल शिक्षकांना सोयीचं असतं, हे आमच्या खोलीत कोणी मोठ्याने बोलत नाही.

स्टेथो
मानसोपचारतज्ज्ञ आहे, मुलं आणि किशोरवयीन हेच माझं काम. इथे निदान करणार नाही, करता येतही नाही. पण मूळ प्रश्न चांगला आहे म्हणून सविस्तर लिहितो.

मुलांना नैराश्य होऊ शकतं हेच आमच्या शास्त्राने उशिरा मानलं. मुलाचं मन त्यासाठी पुरेसं घडलेलंच नसतं, असा सिद्धांत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत चालत होता. १९८० साली अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेची तिसरी आवृत्ती आली, तिच्यानंतर मोठ्यांचेच निकष थोड्या बदलाने मुलांना लावणं रूढ झालं. त्यातला महत्त्वाचा बदल पाऊलवाट यांच्या कामाचा आहे: मोठ्या माणसात 'उदास मन' हवं, मुलांत आणि किशोरांत त्याच्या जागी चिडचिड असली तरी चालते. म्हणजे रडणारं मूल शोधत बसलात तर बरीच मुलं हातून सुटतील.

निकष थोडक्यात असे. उदास किंवा चिडका मूड, आणि कशातच रस न उरणं, यातलं किमान एक हवंच. त्याच्या जोडीला झोप, भूक किंवा वजन (वाढत्या मुलाचं वजन अपेक्षेइतकं न वाढणंही यात येतं), थकवा, हालचाल मंदावणं किंवा अस्वस्थता, लक्ष न लागणं, आपण कुचकामी आहोत असं किंवा विनाकारण अपराधी वाटणं, आणि मरणाचे विचार. अशा एकूण नवांपैकी किमान पाच गोष्टी, जवळजवळ रोज, किमान दोन आठवडे, आणि त्यामुळे रोजचं जगणं अडलेलं.

शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा. दारं आपटणारा मुलगा दार आपटून खेळायला जातो, मित्रांत रमतो, रात्री जेवताना दोन शब्द बोलतो. आजारी मुलाचं जग आक्रसत जातं. छंद सुटतो, मग मित्र, मग अभ्यास, मग आंघोळ. वागणं किती वाईट आहे यापेक्षा ते पूर्वीच्या त्याच मुलापेक्षा किती बदललंय आणि किती ठिकाणी बदललंय हे पाहा. घरात चिडका पण बाहेर मजेत, असं असेल तर आधी घरातलं काहीतरी तपासावं लागतं. घर, शाळा, मित्र, तिन्हीकडे उतरण लागली असेल तर थांबू नये.

आणि 'दोन वर्षांत येईल ताळ्यावर' याबद्दल: आमच्याकडे येणाऱ्या मुलांत नैराश्याचा एक झटका साधारण सात ते नऊ महिने टिकतो, आणि बहुतेक वेळा ओसरतोही. पण तेवढ्यात एक शालेय वर्ष जातं, मैत्र्या तुटतात, आणि जवळजवळ ४० टक्के मुलांत दोन वर्षांच्या आत तो परत येतो. वाट पाहणं फुकट नसतं.

तिरकस
डॉक्टर, दंडवत. धागा बुकमार्क केला.

जुनाजाणता
स्टेथो, एवढं लिहिलंत त्याबद्दल आभार. पण मग वयात येताना येणारं नैसर्गिक वादळ असं काही नसतंच का?

स्टेथो
असतं, पण आपण समजतो तेवढं सार्वत्रिक नसतं. ब्रिटिश बालमानसोपचारतज्ज्ञ मायकेल रटर यांनी १९६०च्या दशकात इंग्लंडच्या आइल ऑफ वाइट बेटावरच्या मुलांचा मोठा अभ्यास केला. तिथल्या बहुसंख्य किशोरांचे आईबापांशी संबंध ठीकठाक होते. उलट बऱ्याच मुलांना आतून त्रास होत होता आणि घरच्यांना त्याचा पत्ता नव्हता. म्हणजे वादळ दिसतं तिथे नसू शकतं, आणि नसलेलं वाटतं तिथे असू शकतं.

झोपाळू
अवांतर: रात्री जागणं आणि दुपारी झोपणं एवढ्यावरूनच आजार धरू नका. वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, मेलाटोनिन, म्हणजे झोपेची वेळ झाल्याचं सांगणारं संप्रेरक, उशिरा तयार होऊ लागतं. शाळा मात्र पहाटे भरतात. त्या मुलांना आळशी म्हणणारे स्वतः सुट्टीच्या दिवशी कितीला उठतात ते लिहावं.

गणिती
शाळांच्या वेळा या विषयावर वेगळा धागा काढा, मी पहिला प्रतिसाद देईन.

वैतागलेला_बाप
मूळ कारण सरळ आहे आणि कोणी बोलत नाही. मोबाइल. काढून घ्या, महिनाभरात मूल माणसात येतं. आमच्याकडे आलं.

रातकिडा
माझ्या वेळी घरात मोबाइल नव्हता. आता हे कसं बसवायचं?

खडूफळा
फोन रात्री खोलीबाहेर असावा याला माझा पूर्ण पाठिंबा, निव्वळ झोपेसाठी. पण खचलेल्या मुलाकडून तो हिसकावला तर कधी कधी त्याचा एकच बोलायचा माणूसही जातो. आणि काही मुलं त्या फोनवरच छळली जात असतात, ती तर सांगायचंच बंद करतात, कारण सांगितलं की फोन जातो.

वैतागलेला_बाप
बरं. आमच्या मुलाला नैराश्य नव्हतं, फक्त मोबाइल होता, असं धरून चालू. बापाचं नाव वैतागलेला आहे, ते तसंच राहील.

गणिती
मला उपचारांबद्दल विचारायचंय. नैराश्याच्या गोळ्यांनी मुलांत आत्महत्येचे विचार वाढतात असं वाचलंय. खरं असेल तर त्या देतात तरी कशा?

आईमाई
हेच लिहायला आले होते. वाढत्या मेंदूवर गोळ्यांचा मारा करू नये. बोलून, समुपदेशनाने बरं होतं. माझ्या बहिणीच्या मुलीला दहा मिनिटांत गोळ्या लिहून दिल्या, ती पुढे आणखीच अस्वस्थ झाली. आधी औषध हा धंदा आहे.

स्टेथो
आईमाई, दहा मिनिटांत चिठ्ठी देणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. औषध सुरू करून पहिल्या आठवड्यांत भेटायला न बोलावणं हा त्याहून मोठा दोष.

गणिती, आकडे असे. २००४ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २४ चाचण्या एकत्र तपासल्या. त्यांत सुमारे ४,४०० मुलं होती. आत्महत्येचे विचार किंवा तसं वर्तन औषध घेणाऱ्यांत ४ टक्के आणि खोटी गोळी (तशीच दिसणारी, पण औषध नसलेली) घेणाऱ्यांत २ टक्के आढळलं. या चाचण्यांत प्रत्यक्ष आत्महत्या एकही झाली नव्हती. त्यानंतर या औषधांच्या माहितीपत्रकावर काळ्या चौकटीतला, म्हणजे सर्वांत कडक, इशारा आला आणि २००७ मध्ये तो २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी वाढवला गेला. म्हणून पहिल्या काही आठवड्यांत आणि डोस बदलताना बारीक लक्ष ठेवायचं. अचानक बेचैनी, झोप उडणं, न शोभणारा उत्साह, जिवाबद्दलचं बोलणं, यातलं काहीही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी फोन.

आता दुसरी बाजू. टॅड्स नावाची मोठी चाचणी, तीही २००४ चीच, १२ ते १७ वयाची ४३९ मुलं. बारा आठवड्यांनी सुधारणा कितींत? फ्लुओक्सेटिन हे नैराश्याचं औषध आणि वर्तनबोध उपचारपद्धती, म्हणजे सीबीटी (बोलण्यातून विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी), दोन्ही मिळून: ७१ टक्के. नुसतं औषध: ६१. नुसती सीबीटी: ४३. खोटी गोळी: ३५.

गणिती
म्हणजे दोन टक्क्यांची जोखीम आणि पंचवीसेक टक्क्यांचा फायदा. पण खोट्या गोळीनेच ३५ टक्के सुधारले हा आकडाही लक्षात ठेवण्यासारखा आहे. तिथे कोणीतरी नियमित भेटत होतं, विचारपूस करत होतं, त्याचाही वाटा असणार.

आईमाई
आणि त्याच चाचणीत ३६ आठवड्यांनी नुसत्या सीबीटीवाल्यांनी नुसत्या औषधवाल्यांना गाठलं, दोन्हीकडे ८१ टक्के. हे का नाही लिहिलंत? पॅरॉक्सेटिन या नैराश्याच्याच दुसऱ्या औषधाच्या '३२९' क्रमांकाच्या चाचणीचंही लिहा. २००१ मध्ये 'मुलांत सुरक्षित आणि गुणकारी' म्हणून छापलं, आणि २०१५ मध्ये मूळ माहिती पुन्हा तपासली तेव्हा ते ना गुणकारी निघालं ना सुरक्षित.

स्टेथो
दोन्ही मुद्दे बरोबर. म्हणूनच सगळी औषधं एका मापाने मोजत नाहीत. मुलांत सर्वांत भक्कम पुरावा फ्लुओक्सेटिनचा आहे, अमेरिकेत ते आठ वर्षांपासून पुढे मान्य आहे. एस्सिटालोप्रॅम बारापासून पुढे. जुनी ट्रायसायक्लिक औषधं मोठ्यांत चालतात, लहान मुलांच्या नैराश्यात त्यांचा उपयोग जवळपास नाही.

सौम्य आजारात मी औषधाने सुरुवात करत नाही. झोप, हालचाल, शाळेतला ताण, घरातली भांडणं यांवर काम, सीबीटी किंवा नातेसंबंधांवर भर देणारी उपचारपद्धती, आणि ठरावीक दिवसांनी पुन्हा भेट. मध्यम ते तीव्र आजारात, मूल अंथरुणातून उठत नसेल, जिवाचे विचार असतील, तर ३६ आठवडे थांबून सीबीटी गाठते का हे पाहण्याची चैन परवडत नाही. परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात. बरं वाटल्यावरही सहा ते बारा महिने औषध चालू ठेवायचं आणि बंद करताना हळूहळू. सर्वांत जास्त घोटाळा इथे होतो: मूल हसायला लागलं की घरचेच गोळी बंद करतात.

आईमाई
हे पटलं. धंदा हा शब्द मागे घेत नाही, पण तुमच्यापुरता कंसात टाकते.

आजीबाईचा_बटवा
सगळे मुलांबद्दल बोलताय, आईचं कोणी विचारत नाही. आमच्या शेजारी एक बाई होती. मुलगा चिडका, अभ्यासात मागे, म्हणून त्याला घेऊन फिरायची. डॉक्टरीणबाईंनी आधी तिलाच बसवून विचारलं, 'तुम्ही शेवटचं नीट कधी झोपलात?' ती तिथेच रडली. उपचार तिचे सुरू झाले, आणि पोरगं बरंच निवळलं. असं होतं का हो स्टेथो, की मीच जोडतेय?

स्टेथो
होतं, आजी. २००६ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात नैराश्य असलेल्या आयांवर औषधोपचार केले आणि त्यांच्या मुलांकडे लक्ष ठेवलं. तीन महिन्यांत ज्या आया बऱ्या झाल्या त्यांच्या मुलांचा त्रास कमी झाला, ज्या झाल्या नाहीत त्यांच्या मुलांचा वाढला. मुलांना वेगळं काहीच दिलं नव्हतं. बापांबद्दलही विचारावं, आम्ही ते विसरतो.

वैतागलेला_बाप
इथे माझं नाव उगाच घेतलं जातंय असं वाटतंय.

निःशब्द_वाचक
एक विचारायचं होतं. मुलाच्या मनात जिवाचं काही बरंवाईट करण्याचा विचार आहे का, हे थेट विचारलं तर नसलेला विचार डोक्यात नाही का जाणार? भीती वाटते.

रातकिडा
मी सांगतो, मग स्टेथो सांगतीलच. तो विचार आधीपासून असतो. मला कोणीच विचारलं नाही, सगळे 'असं काही करणार नाहीस ना' असं विचारायचे. त्याला 'नाही' याशिवाय उत्तरच नाही. एका मावशीने सरळ विचारलं, 'मरून जावंसं वाटतं का कधी?' आणि उत्तर ऐकून किंचाळली नाही. त्या दिवशी मी कितीतरी दिवसांनी झोपलो.

स्टेथो
रातकिडा यांनी लिहिलंय ते संशोधनातही दिसतं. २००५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांत दोन हजारांवर विद्यार्थ्यांची पाहणी झाली. आत्महत्येबद्दल प्रश्न विचारलेल्या मुलांत तसे विचार किंवा त्रास वाढला नाही. ज्यांच्यात आधीच नैराश्य होतं त्यांना उलट थोडं हलकं वाटलं.

उत्तर 'हो' आलं तर ओरडू नका, शपथा घालू नका, 'आमचा विचार केलास का' हे तर नकोच. मुलाला एकटं सोडू नका, घरातली औषधं आणि धोक्याच्या वस्तू कुलपात टाका, आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. ठरवलेला बेत असेल तर थेट रुग्णालयाचा तातडीचा विभाग. तुमच्या भागातल्या हेल्पलाइनचा क्रमांक आजच फोनमध्ये घालून ठेवा, गरज पडेल तेव्हा शोधत बसाल.

जुनाजाणता
मी सुरुवातीला जे लिहिलं ते वाचून काही लोकांनी व्यक्तिगत निरोपात माझी खरडपट्टी काढली आहे. डॉक्टर कशाला, हे अजूनही प्रत्येक चिडक्या पोराबद्दल म्हणेन. पण ते 'जग आक्रसणं' म्हणालात ते बघता येतं, घरातल्या म्हाताऱ्यालाही. आम्ही रिकामेच असतो, आमच्याकडे लक्ष द्यायचं काम सोपवा.

तिरकस
काका रिटायर होऊन पहिल्यांदा कामाला लागले. धागा सार्थकी लागला.

पाऊलवाट
सगळ्यांचे आभार. रोज वाचत होते, लिहायला धीर होत नव्हता.

रातकिडा यांनी लिहिलेला प्रश्न विचारला. समोरासमोर नाही, गाडीत, तिने खिडकीबाहेर पाहिलं तरी चालेल अशा वेळी. मरावंसं वाटत नाही म्हणाली, पण 'मी नसले तर तुमचं सोपं होईल' असं म्हणाली. वेळ घेतली आहे, याच आठवड्यातली. नवराही येतोय. हा धागा त्याला वाचायला दिला होता, वैतागलेला_बाप यांच्या प्रतिसादाला हसला आणि मग बराच वेळ गप्प होता.

आता दोन प्रश्न. डॉक्टरांकडे काय काय सांगायचं? आणि शाळेला कळवायचं का? ती नको म्हणतेय.

स्टेथो
'मी नसले तर' हे वाक्य भेटीत सर्वांत आधी सांगा, शेवटी दाराशी उभं राहून नको. त्या दिवसापर्यंत ती रात्री एकटी नसेल असं बघा आणि घरातली औषधं आजच कुलपात टाका. असं बोलणं वाढलं तर त्या तारखेची वाट पाहू नका.

बाकी: केव्हापासून काय बदललं, झोप, जेवण, शाळेतली गैरहजेरी, हे कागदावर लिहून न्या. घराण्यात कोणाला नैराश्य, किंवा उत्साहाचे टोकाचे झटके येणारा द्विध्रुवीय आजार होता का, हे लपवू नका. औषध निवडताना ते फार महत्त्वाचं असतं. थायरॉइड, हिमोग्लोबिन अशा तपासण्या सांगतील. त्या नैराश्य 'दाखवत' नाहीत, तसंच दिसणारं दुसरं काही नाही ना हे पाहण्यासाठी असतात. ती सध्या कुठलं औषध घेत असेल, अगदी मुरुमांचं, तर तेही सांगा.

डॉक्टर तिच्याशी थोडा वेळ एकटीशी बोलतील. बाहेर बसा. आत काय बोलली हे नंतर खोदून विचारू नका. जिवाला धोका किंवा कोणी तिला त्रास देत असेल तर ते तुम्हाला सांगतात, बाकी तिचं तिच्यापाशी राहतं. हा नियम तिला आधीच सांगितलात तर ती जास्त बोलेल.

खडूफळा
शाळेचं मी सांगते. सगळ्या शाळेला कळवायचं नसतं. तिलाच विचारा, 'तुला कोणत्या एका शिक्षकांना कळलेलं चालेल?' बहुतेक मुलांकडे असं एक नाव असतं. त्यांना आजाराचं नावही सांगायची गरज नाही. 'उपचार चालू आहेत, सकाळी उशीर होईल, गृहपाठ राहील, वर्गात उभं करून विचारू नका' एवढं पुरतं. परीक्षेची सवलत लागली तर तेव्हा डॉक्टरांचं पत्र द्यायचं. आणि शाळा पूर्ण बंद करू नका. अर्धा दिवस, दोन तास, जे झेपेल ते. एकदा घरी बसलेलं मूल परत आणणं आम्हालाही फार जड जातं.

पाऊलवाट
विचारलं. चित्रकलेच्या बाईंचं नाव घेतलं.

खडूफळा
मग त्यांना उद्याच भेटा. आणि चित्रं पुन्हा सुरू कर असं त्यांनी तिला म्हणू नये, हेही सांगा. नुसतं वर्गात मागे बसू द्यावं.